'समुद्री चाचा' आणि 'सरखेल': पायरेटला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे की 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या तिसऱ्या भागात श्री संभाजी नावाचा जो पायरेट लॉर्ड, म्हणजे समुद्री लुटारूंचा एक प्रमुख, आहे त्याला मराठीत 'समुद्री चाचा' म्हणायचं का, आणि मग तोच शब्द मराठी आरमाराच्या आंग्र्यांनाही लागतो का.

पिक्चरमधल्या पात्राला खुशाल म्हणा. आंग्र्यांना अजिबात नाही.

आधी शब्द बघू. चाचा म्हणजे समुद्रावर जहाजं लुटणारा, जुन्या लिखाणात 'चांचा' असं अनुस्वारासकट दिसतं, अनेकवचन चाचे, धंदा चाचेगिरी. समुद्र त्या शब्दातच आहे, त्यामुळे 'समुद्री चाचा' म्हणजे खरं तर द्विरुक्ती, पण हिंदीतला चाचा म्हणजे काका सगळ्यांच्या कानावर असतो म्हणून लोक 'समुद्री' लावतात आणि ते मला पटतं.

आता मुख्य गोष्ट. चाच्यामागे कुठलंही राज्य नसतं. 1695 मध्ये हेन्री एव्हरीने औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' जहाज सुरतेला परत येताना लुटलं, लूट वाटून घेतली आणि गायब झाला, तो अस्सल चाचा. जॉनी डेपचा जॅक स्पॅरोही त्याच जातीचा. पण राजाचा परवाना घेऊन शत्रूची जहाजं पकडणारा जो असतो त्याला इंग्रजीत प्रायव्हेटियर म्हणतात, आणि याचं सगळ्यात सोपं उदाहरण याच सिरीजमध्ये आहे. जेफ्री रशचा बार्बोसा पहिल्या भागात (2003) पक्का चाचा आणि चौथ्यात (2011) राजा जॉर्जच्या नोकरीत, विग वगैरे घालून! माणूस तोच, कागद बदलला. मी प्रायव्हेटियरला 'परवानाधारी लुटारू' म्हणेन, लांबलचक आहे पण अर्थ नीट पोचतो.

आता श्री संभाजी. मार्शल मनेश या इराणी-अमेरिकन नटाने तो रोल केलाय, हिंदी महासागराचा पायरेट लॉर्ड, पायरेट लॉर्डांच्या सभेत बराच वेळ त्याची माणसंच त्याच्या वतीने बोलतात आणि शेवटी त्याचा स्वतःचा बारीक आवाज ऐकू येतो की लोक हसतात. पात्राचं पूर्ण नाव श्री संभाजी आंग्रिया, आणि 'आंग्रिया' म्हणजे इंग्रजांनी लिहिलेलं आंग्रे. कान्होजींच्या मुलाचं नाव सरळ उचललंय, आणि ते असं हसण्यावारी नेलेलं बघून मला वाईट वाटतं.

कारण खरे संभाजी आंग्रे सरखेल होते. सरखेल हा फारसीतून आलेला किताब, सर म्हणजे प्रमुख आणि खेल म्हणजे तुकडी, मराठी आरमाराच्या प्रमुखाला तो छत्रपतींकडून मिळायचा. कान्होजी 1729 मध्ये गेले, मग सेखोजी, आणि 1733 मध्ये सेखोजी गेल्यावर भावांत वाद होऊन सरखेली संभाजींकडे विजयदुर्गला आणि मानाजींकडे कुलाबा अशी वाटणी झाली. किल्ले, आरमार, शिक्का सगळं होतं. त्यांच्या हद्दीतून जायचं तर दस्तक म्हणजे परवाना घ्यावा लागे, नसेल तर जहाज पकडत. पोर्तुगीजही कार्ताझ नावाचा परवाना विकून नेमकं हेच करत होते, पण त्यांना पायरेट हे नाव चिकटलं नाही. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी दस्तक घ्यायला तयार नव्हती, तिची जहाजं पकडली गेली आणि मग कंपनीच्या कागदांत आंग्रे 'पायरेट' झाले.

त्यामुळे भाषांतर करताना पायरेट लॉर्डला 'चाच्यांचा म्होरक्या' म्हणा, सबटायटलमध्ये मस्त बसेल. इंग्रजी पुस्तकात 'आंग्रिया द पायरेट' आलं तर मात्र तिथे 'चाचा' लिहू नका, 'सरखेल आंग्रे' लिहा आणि कंपनी त्यांना पायरेट म्हणायची हे वाक्यातच सांगा. आणि हो, चोरून डाउनलोड केलेल्या पिक्चरला चाचेगिरी म्हणायची गरज नाही, तिथे पायरसी हाच शब्द रुळलाय.