ग्रॅव्हल सायकलचे गिअर निवडताना

पहिली ग्रॅव्हल सायकल (खडीच्या व कच्च्या रस्त्यांवर चालवायची सायकल) घेताना सर्वांत जड गिअरची चिंता सोडा आणि सर्वांत हलका गिअर आधी तपासा, कारण सुट्या खडीच्या चढावर उभे राहून पेडल मारले की मागचे चाक जागीच फिरू लागते आणि चढ बसूनच काढावा लागतो. पुढच्या लहान चेनरिंगचे (पेडलजवळच्या दातेरी चकतीचे) दाते कॅसेटमधील (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचातील) सर्वांत मोठ्या चकतीच्या दात्यांपेक्षा कमी असावेत: एकच चेनरिंग असेल तर पुढे ४० व मागे ४२, दोन असतील तर पुढे ३० व मागे ३४. पुढे ४० आणि मागे ११ दाते असताना पेडलच्या मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या, तर वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जातो; नवशिक्याला याहून जड गिअर क्वचितच लागतो.

एक चेनरिंग की दोन, हा वाद मला थोडा फुगवलेला वाटतो. चिखल-खडी अधिक असेल तर एक घ्या. डांबरी रस्त्यावर लांब पल्ला मारायचा असेल तर दोन, कारण लगतच्या गिअरमधला फरक लहान राहतो आणि पायांची लय मोडत नाही.

सुरुवातीची नेहमीची चूक म्हणजे मागच्या डिरेलरची (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेची) क्षमता न पाहता मोठी कॅसेट बसवणे. त्यात जुनीच आखूड चेन ठेवली, तर मोठ्या चकतीवर ती ताणली जाऊन डिरेलर मोडू शकतो. इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंगचा (बॅटरीवर गिअर बदलण्याचा) विचार आत्ता नकोच.