कार्बन कॅप्चरमध्ये प्राध्यापक व्हावं का? ते लोक दिवसभर नेमकं करतात काय?

तुम्ही केमिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात, कार्बन कॅप्चरमध्ये, म्हणजे धुरातून किंवा हवेतून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून पकडण्याच्या तंत्रात, पीएचडी करून पुढे प्राध्यापक व्हायचंय, पण हे फॅड चार वर्षांत ओसरेल अशी भीती वाटते. बरोबर ना? मी हाच विषय शिकवतो, म्हणून लिहितोय.

फॅड ओसरतं. २००५ साली आयपीसीसीचा (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा) या विषयावरचा खास अहवाल आला, त्यानंतर काही वर्षं अनुदानाची चंगळ होती. मग बरेच मोठे प्रकल्प कागदावरच बारगळले. टेक्ससमधल्या कोळशाच्या वीजकेंद्रावरचा पेट्रा नोव्हा प्रकल्प २०१७ला सुरू झाला; पकडलेला वायू जमिनीत सोडून तेल काढायचे, त्यामुळे तेलाचे भाव पडल्यावर २०२०मध्ये बंद पडला आणि २०२३ला पुन्हा चालू झाला. मधल्या काळात माझ्या एका विद्यार्थ्याची फेलोशिप अर्ध्यावर संपली. त्याला टिकवायला मी दुसऱ्याच विषयाचा प्रस्ताव लिहिला, कारण कॉलम, म्हणजे वायू आणि द्रावण एकमेकांत मिसळवणारा उभा नळ, तोच वापरता येत होता.

म्हणून पृथक्करण, म्हणजे मिश्रणातून एकेक पदार्थ वेगळा काढणं, पक्कं शिका, त्यावरची पाटी बदलत राहते. अमाइनच्या (अमोनियापासून बनलेल्या रसायनांच्या) द्रावणाने कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायची युक्ती १९३०च्या पेटंटमधली आहे, आणि ती हवामानासाठी नव्हे, वायू शुद्ध करण्यासाठी काढलेली.

युक्ती सोपी आहे. पाण्यात साधारण ३० टक्के मोनोइथेनॉलअमाइन हे अमाइन घ्यायचं, सुमारे ४० अंशांना त्यातून धूर जाऊ द्यायचा, मग द्रावण १२० अंशांपर्यंत तापवून वायू सोडवायचा. सगळं दुखणं त्या तापवण्यात आहे: पकडलेल्या टनभर कार्बन डायऑक्साइडमागे साडेतीन-चार गिगाज्यूल उष्णता, तीही वीजकेंद्राच्याच वाफेतून. हा आकडा खाली आणण्यात माणसांच्या कारकिर्दी जातात. टेक्सस विद्यापीठाचे गॅरी रोशेल अनेक दशकं अमाइनवर, त्यातही पायपरझीन या अमाइनवर काम करत आलेत.

बाकी दिवस? प्रस्ताव, सेफ्टीचे फॉर्म, प्रबंधाचे मसुदे, आणि नादुरुस्त पंप. ताजं द्रावण पाण्यासारखं नितळ असतं. काही आठवडे ऑक्सिजन आणि उष्णता खाल्ली की कोऱ्या चहासारखं होतं, आणि अमोनियाचा वास शर्टातून जाता जात नाही. एकदा रात्री कॉलममध्ये फेस चढत चढत वरच्या पाइपात गेला. दोन आठवड्यांची रीडिंग्ज पाण्यात. कारण निघालं काय, तर द्रावणातली घाण शोषणारा अॅक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर बदलायचा राहिला होता. कार्बन पकडायला निघालेल्यांना कार्बननेच धडा शिकवला!

सध्या विद्यार्थ्यांचा ओढा दोन गोष्टींकडे आहे. एक, थेट हवेतून पकडणं. हार्वर्डला जाण्यापूर्वी कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक असताना डेव्हिड कीथ यांनी २००९मध्ये कार्बन इंजिनीअरिंग ही कंपनी काढली. त्याच वर्षी झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातून क्लाइमवर्क्स ही कंपनी निघाली. प्राध्यापकाला कंपनीचा रस्ता आहे, हे खरं. पण कोळशाच्या धुरात हा वायू १२ ते १५ टक्के असतो आणि हवेत ०.०४ टक्के, हा फरक कुठल्याही सादरीकरणाने मिटत नाही. दुसरी, एमओएफ पदार्थ, म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणूंची सच्छिद्र जाळी, जिच्या पोकळ्यांत वायू अडकतो. त्यांना २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळाल्यानंतर प्रत्येकाला स्वतःची नवी पावडर हवी आहे. ती चिमूटभर बनते, कोरड्या वायूत झकास चालते. ओलसर, गंधकमिश्रित धुरात महिनाभर टिकते का, हे बघायला फार कमी जण तयार असतात. माझ्या मते तिथेच काम पडून आहे.

गाइड निवडताना पेपरांची यादी बघाच, पण लॅबमध्ये जाऊन द्रावणाच्या बाटल्याही बघा. सगळ्या नितळ दिसल्या तर कॉलम सलग किती तास चालला होता, ते विचारा.