स्कूटीवरचं ऊन आणि गालावरचे डाग

प्रश्न : ताई, मी कळव्याहून स्कूटीने महापेला जाते, सकाळी साडेनऊला निघते, साडेचारला सुटते. हात काळे पडलेत, घड्याळ काढलं की उजळ पट्टा दिसतो, त्यातही डावा हात जास्तच काळा झालाय. आता दोन्ही गालांवर तपकिरी डाग पण आलेत. सकाळी एसपीएफ ५० लावते तरी फरक नाही. सासूबाई लिंबू-बेसन लावायला सांगतात आणि शेजारची एकजण मेडिकलमधलं क्रीम लावून महिन्यात उजळली. काय करू?
– एक वाचक, कळवा

उत्तर : आधी लिंबू बंद करा, आजपासूनच. लिंबाचा रस अंगावर राहिला आणि वर ऊन लागलं की फोड येऊ शकतात आणि मागे राहिलेले डाग महिनोन्महिने जात नाहीत. सासूबाईंना सांगा, बेसन चालेल, लिंबू नको. आणि ते शेजारचं क्रीम अजिबात नाही! महिन्यात उजळवणाऱ्या क्रीममध्ये खूपदा स्टिरॉइड असतं, पहिले छान वाटतं, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात आणि क्रीम सोडलं की चेहरा भडकतो. अशा मुली रडत येतात माझ्याकडे, फार वाईट वाटतं.

डाव्या हाताचं म्हणाल तर तुमचा रस्ताच तसा आहे. ठाणे-बेलापूर रोडने जाताना तुम्ही दक्षिणेकडे जाता, सकाळचं ऊन डावीकडून, येताना उत्तरेकडे, तर उतरतं ऊन परत डावीकडूनच. हातांवर सनस्क्रीनपेक्षा सनकोट आणि ग्लोव्हज बरे, फक्त कापड ट्यूबलाइटसमोर धरून बघा, उजेड आरपार दिसला तर ऊनही आरपार येणार, पातळ पांढऱ्या ओढणीचं हेच होतं.

चेहऱ्याला सनस्क्रीन किती लावता? बहुतेक वाटाण्याएवढं. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढा, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. एसपीएफचा आकडा एवढा जाड थर देऊनच मोजलेला असतो, त्यामुळे थोडंसं लावलं की ५० चे ५० राहतच नाहीत. निघायच्या १५-२० मिनिटं आधी लावा आणि साडेचारला निघताना परत लावा, सकाळचं तोपर्यंत काही उरत नाही, उन्हात असताना तर दर दोन तासांनी लावायला हवं. ट्यूब डिकीत ठेवू नका, तिथे तापून खराब होते.

गालावरचे डाग मला वांग वाटतात, पण बघितल्याशिवाय नक्की नाही सांगणार. वांग साध्या उजेडानेही वाढतो, म्हणून आयर्न ऑक्साइड (साधा उजेडही अडवणारा रंग) असलेलं टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्या. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, त्यांचाही संबंध असू शकतो. कळव्यातच छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, तिथल्या स्किन ओपीडीत दाखवा.

प्रश्न : पावसाळ्यात सनस्क्रीन बंद केलं तर चालेल का? सकाळी सहाला पाम बीच रोडला चालतो, बाकी वेळ घरीच, खिडकीशेजारी काम.
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : सहाच्या चालण्याला नाही लावलं तरी चालेल. पण खिडकीजवळ बसता तिथे लावा, उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांपैकी त्वचा भाजणारं यूव्हीबी काचेतून फारसं येत नाही, पण त्वचेत खोल जाणारं यूव्हीए येतं, आणि डाग-सुरकुत्यांना ते पुरतं. ढगांवर पण विसंबू नका, पातळ ढगातून बरंच यूव्ही खाली येतं. घेताना पाकिटावर एसपीएफ ३० आणि पीएपुढे तीन-चार अधिकची चिन्हं बघा, यूव्हीएसाठी तीच महत्त्वाची. किंवा टेबल खिडकीपासून लांब सरकवा, पैसेही वाचतील.