नवी मुंबईत समुपदेशक व्हायचंय. वेगवेगळ्या समाजांतून येणाऱ्यांना समजून घ्यायला कोणता कोर्स करू?

कोर्स कोणताही करा. मी शिकलेली समुपदेशक नाही, पण त्या खुर्चीसमोर आईला घेऊन बसले आहे.

आम्ही घणसोली गावातले आगरी. बाबा गेल्यावर आई दीड महिना धड जेवली नाही, तेव्हा वाशीला एका मॅडमकडे नेलं. मॅडम मराठीच, पण शहरातल्या. आई म्हणाली, "जेवान गोर नाय लागत." मॅडमनी नुसती मान हलवली. आमच्याकडे 'ड'चा 'र' होतो, गोर म्हणजे गोड; विचारलं असतं तर सांगितलं असतं. मग आई म्हणाली, पहाटे हे हाक मारतात. झालं! कागदावर 'आवाज ऐकू येतात'. एकविरेच्या यात्रेत अंगात येतं, तेही लक्षणांत जमा. दुभाषी मी. मला इतकी लाज वाटत होती की आईचं निम्मं बोलणं मी गिळूनच टाकलं. (घरच्या माणसाला दुभाषी करू नका, ते यासाठी.)

पुढे ठाण्याच्या मानसोपचार डॉक्टरांनी आईलाच विचारलं, "काय म्हणतात हो ते?"

"ऊठ, च्या टाक."

बाबा पहाटे खाडीत निघायचे, तीच वेळ. डॉक्टर म्हणाले, नवरा गेल्यावर असं ऐकू येणं म्हणजे वेड नव्हे. आजार आहे तो न जेवण्यात, न झोपण्यात. हे त्यांच्या पुस्तकातही आहे म्हणे. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकन पुस्तकात (२०१३) संस्कृती समजून घ्यायला १६ प्रश्नांची मुलाखतच दिलीय: तुम्ही याला काय म्हणता, घरचे कारण काय सांगतात, आधी कोणाकडे गेलात. ती शिका. 'आगरी असे, घाटी तसे' असले तक्ते मात्र पाठ करू नका. आमच्याच गल्लीत साताऱ्याकडचे माथाडी राहतात; त्यांचं दुखणं मलाही कळत नाही, विचारावं लागतं.

अर्थात सगळंच 'संस्कृती' म्हणून सोडून देऊ नका. आवाज मर म्हणत असेल, तर थांबायचं नाही. टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन: १४४१६, रात्रीही लागतो.

आणि दादा, वाचत असशील तर: भगताकडून आल्यावर आई दोन दिवस बरी बोलायची, हे मला आता मान्य आहे. पण जेवायला लागली ती गोळ्यांनी. बोकडाचे पैसे मी देणार नाही.