वाचक विचारतात : नाडी एक आली म्हणून स्थळ सोडायचं का?

प्रश्न : सर नमस्कार. आम्ही अमळनेर तालुक्यातले. मुलगी नर्सिंग करून नाशिकला नोकरीला आहे. शिंदखेड्याकडचं स्थळ आलं, मुलाचं कृषी केंद्र आहे, दोघं दोनदा भेटले, पोरीला पसंत, घरच्यांनाही पसंत. सुपारी फोडायची तेवढ्यात गुरुजींनी सांगितलं की गुण अठराच्या वर आहेत पण दोघांची मध्य नाडी एकच आहे, लग्न केलं तर मूल होणार नाही आणि झालं तरी जगणार नाही. वर एकवीस हजारांची शांती सांगितली. घरात माळ आहे, सासरे वारी करतात, ते म्हणतात हे वेदातलं शास्त्र आहे, मोडायचं नाही. आजेसासू एकट्याच म्हणतात, "पोरले इचारं का कोन्ही?" सर, हे खरंच शास्त्र आहे का, आणि नाही मानलं तर धर्म बुडवल्यासारखं होईल का? सोबत दोघांच्या पत्रिका पाठवल्यात.

उत्तर : ताई, आधी आजेसासूंना माझा नमस्कार सांगा, सगळ्या घरात मुद्द्याचं त्याच बोलल्या.

आता नाडी म्हणजे काय ते नीट बघू, कारण भीती वाटते ती बहुतेक वेळा आत काय आहे ते कोणी उलगडून सांगत नाही म्हणून. जन्माच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात होता ते आपलं नक्षत्र. सत्तावीस नक्षत्रांचे तीन गट केले, आद्य, मध्य, अंत्य, प्रत्येकात नऊ. झालं, हीच नाडी. म्हणजे कुठलीही दोन माणसं घेतली तर साधारण तीनातल्या एका जोडीची नाडी एकच येणार. चंद्र एका नक्षत्रात जवळपास एक दिवस असतो, म्हणजे तुमच्या मुलीचं नक्षत्र चालू होतं तेवढ्या वेळात जगात जी लाखो बाळं जन्मली त्या सगळ्यांची नाडी तीच. एक नाडी असली की मूल जगत नाही हे खरं असतं, तर ज्या समाजात पत्रिकाच बघत नाहीत तिथल्या दर तिसऱ्या घरात पाळणा हलला नसता. तुमच्याच गावात पत्रिका न बघता झालेली लग्नं मोजा ना.

दुसरं. तुम्ही पाठवलेल्या पत्रिकांत मुलाचं मृग पहिलं चरण आणि मुलीचं पुष्य चौथं चरण आहे (चरण म्हणजे नक्षत्राचा चौथा भाग), दोन्ही मध्य नाडीच, गुरुजींनी मोजताना चूक केलेली नाही. पण आपल्याकडे टिळक पंचांग मानणारी घरं आहेत, त्यात राशीचक्राची सुरुवात वेगळ्या ताऱ्यापासून धरतात आणि बाकीच्या पंचांगांशी जवळपास चार अंशांचा फरक पडतो. एक नक्षत्र तेरा अंश वीस कलांचं, त्यामुळे दहातल्या तिघांचं नक्षत्रच बदलतं. तुमच्या मुलीचं बदलतं. पुष्याच्या शेवटच्या चरणातला चंद्र तिकडे आश्लेषात जातो, आश्लेषा अंत्य नाडीत, मुलाचं मृग आहे तिथेच राहतं, म्हणजे दोष गेला. तीच मुलगी, तोच चंद्र, तेच आकाश. हे मी पळवाट म्हणून सांगत नाहीये, कृपा करून गुरुजींसमोर टिळक पंचांग नेऊन भांडू नका. एवढंच लक्षात घ्या की जे मूल जगेल की मरेल असं सांगतं ते मोजायला सुरुवात कुठून करायची यावरच जाणकारांचं एकमत नाही.

शास्त्र आहे का म्हणता, तर ते तपासून झालंय, आणि आपल्याच महाराष्ट्रात. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या, शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिष्यांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखा म्हणून सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर. रुपया उडवला तरी पन्नासच्या आसपास येतात. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते, ती म्हणजे प्रश्न बारीक नव्हता, मुलाच्या सगळ्या आयुष्यावर परिणाम करणारी गोष्ट विचारली होती, ती जर पत्रिकेत दिसत नसेल तर अजून न जन्मलेल्या नातवाचं आयुष्य कसं दिसेल?

वेदातलं आहे म्हणतात त्याबद्दल. वेदांग ज्योतिष नावाचा जुना ग्रंथ आहे, तो यज्ञाची वेळ ठरवण्यासाठी, त्यात नक्षत्रं आहेत, तिथी आहेत, चंद्रसूर्याच्या गती आहेत. बारा राशी नाहीत, कुंडलीची घरं नाहीत, मंगळ नाही. राशी आणि जन्मपत्रिका नंतर ग्रीक लोकांकडून आल्या, होरा आणि केंद्र हे शब्दसुद्धा मूळचे ग्रीकच. वराहमिहिरांनी स्वतः यवनांना, म्हणजे ग्रीकांना, या विद्येचं श्रेय मोकळ्या मनाने दिलंय, त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही.

आणि आपण खान्देशी माणसांनी तर हे जास्त समजून घ्यायला पाहिजे. चाळीसगावजवळ पाटणादेवीला कधी गेलात तर तिथल्या शिलालेखाची माहिती घ्या, १२०७ सालचा आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. हा चांगदेव यादव राजाचा ज्योतिषी होता, तेव्हा गणित आणि फलज्योतिष एकाच घरात नांदत होतं हे मान्य. पण आज आठशे वर्षांनी जगभर भास्कराचार्यांचं नाव घेतात ते गणितासाठी, ग्रहगतीसाठी. भास्कराचार्यांची लेक म्हणून सांगतात त्या लीलावतीच्या लग्नाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय, घटिकापात्रात, म्हणजे वेळ मोजायच्या भोकाच्या भांड्यात, मोती पडला, भोक बुजलं, मुहूर्त टळला. ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही, अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये फारसी भाषांतर केलं त्यात आहे, म्हणजे चारशेहून जास्त वर्षांनी. एवढ्या मोठ्या गणितज्ञाच्या ग्रंथातल्या लीलावतीला लोकांनी मुहूर्त चुकलेली मुलगी करून ठेवलं याचं मला खरंच वाईट वाटतं.

वाईट वाटण्याचं कारण घरातलंही आहे. माझ्या मोठ्या बहिणीला मंगळ निघाला होता. लग्नी, चौथा, सातवा, आठवा, बारावा, या पाच घरांत मंगळ असला की मंगळ, म्हणजे बारातली पाच घरं, शंभरातल्या चाळीसेक माणसांना लागणारच. वडिलांनी तीन स्थळं परत पाठवली. खूप वर्षांनी मी आईला विचारलं की अक्काची जन्मवेळ कोणी लिहून ठेवली, तर आई म्हणाली कोणी नाही रे, घड्याळ कुठे होतं घरात, सुरतेकडची गाडी शिट्टी देऊन गेली आणि दाईने सांगितलं पोरगी झाली, त्यावरून तुझ्या बापाने वेळ धरली. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते आणि सगळी घरं तिच्यावरून मोजतात, त्या दिवशी गाडी उशिरा आली होती का ते कोणीच विचारलं नाही. अक्काचं लग्न पस्तिसाव्या वर्षी झालं. ती आता नाही, पण परत पाठवलेल्या तिघांतला एक तिला आवडला होता हे मला ती गेल्यावर कळलं.

धर्म बुडेल का? ताई, तुमच्या घरात माळ आहे, सासरे वारी करतात असं तुम्हीच लिहिलंय. तुकाराम महाराजांनी शकुन आणि भूत-भविष्य सांगणाऱ्यांचा आम्हाला कंटाळा आहे, ते डोळ्यांनी बघायलाही आवडत नाहीत, असं स्पष्ट म्हटलंय. आपल्या मुक्ताईनगरहून पालखी पंढरपूरला निघते तेव्हा कोणी कुणाची नाडी विचारून दिंडीत घेत नाही. विठ्ठलावर भरवसा आहे म्हणायचं आणि पुष्य नक्षत्राला घाबरून पोरीचं ठरत आलेलं लग्न मोडायचं, या दोन गोष्टी एका घरात कशा बसवायच्या ते सासऱ्यांना शांतपणे विचारा, भांडून नको. माणूस श्रद्धावान आहे, ऐकतील.

बाळाच्या तब्येतीचीच काळजी असेल तर ती काळजी चुकीची नाही, फक्त पत्ता चुकलाय. लग्नाआधी दोघांची सिकलसेल आणि थॅलेसेमिया या आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारांची तपासणी करा. आपल्या धुळे-नंदुरबार पट्ट्यात, विशेषतः सातपुड्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेल बरंच आहे, आणि इतरांनीही तपासायला हरकत काहीच नाही. आईबाप दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतःला आजार नाही पण दोष अंगात आहे असे, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता बाळाला आजार असण्याची. एकच वाहक असेल आणि दुसऱ्यात काहीच दोष नसेल तर तो आजार बाळाला होत नाही. रक्तगटही बघा, मुलगी निगेटिव्ह आणि मुलगा पॉझिटिव्ह असेल तर गरोदरपणात, आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतरही, अँटी-डी इंजेक्शन लागतं, वेळेवर दिलं की पुढच्या बाळाचा धोका टळतो. हे सगळं तुमची मुलगी मला शिकवेल इतकं तिला येतं, नर्स आहे ती. घरचीच नर्स असताना तुम्ही मला पत्र लिहिताय. आज रात्री फोन करा तिला.

प्रश्न : चोपडा तालुक्यात कोरडवाहू कपाशी करतो. पंचांगात मृगाचं वाहन म्हैस दिलंय, म्हणजे भरपूर पाऊस. बियाणं टाकून देऊ का?

उत्तर : नका टाकू भाऊ. वाहन कसं काढतात माहितीय का, सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं, बाकी उरेल त्यावरून घोडा, बेडूक, म्हैस. त्यात वारा नाही, समुद्र नाही, ढग नाही. आणि तेच वाहन कोकणालाही लागू जिथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो आणि आपल्या जळगावलाही जिथे सातशेच्या आसपास. मृग, आर्द्रा ही नावं आपल्या आजोबांना कुठल्या महिन्यात काय करायचं ते सांगायची, त्यासाठी ती अजूनही चांगलीच आहेत, मीही पावसाच्या गप्पा नक्षत्रांतच मारतो. पण यंदा तुमच्या वावरात किती पडेल ते त्यांना माहीत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर होऊ द्या, मग वावरात दोन-तीन ठिकाणी फावडं मारून ओल कुठवर गेली ते बघा, आणि मगच बियाण्याची पिशवी फोडा.