जावई, घरजावई की मांडलिक?

प्रश्न असा आहे: कोरियाच्या इतिहासावर मराठीत लिहिताना ‘गोर्योचा राजा चुंग्न्योल हा कुबलाई खानाचा घरजावई होता’ असं वाक्य लिहिलं, तर ते बरोबर आहे का? (गोर्यो म्हणजे तेव्हाचं कोरियन राज्य, कुबलाई म्हणजे चीनवर राज्य करणारा मंगोल बादशहा.) की सरळ ‘मांडलिक’ म्हणावं?

‘घरजावई’ इथे नको. घरजावई बायकोच्या माहेरी राहतो, सासऱ्याच्या जिवावर जगतो. इथे नांदायला आली ती मुलगी. 1274 साली लग्न झालं तेव्हा चुंग्न्योल 38 वर्षांचा होता आणि कुबलाईची मुलगी जेमतेम पंधरा-सोळाची. त्याच वर्षी वडील वारल्यावर तो गादीवर बसला आणि राजकन्या गेग्यॉंगला, म्हणजे आजच्या केसाँगला, राहायला आली. आधीच्या राणीला मात्र वेगळ्या वाड्यात राहावं लागलं. 1277 मध्ये एका देवळात जाताना बरोबरचा लवाजमा फारच तुटपुंजा आहे म्हणून ही नवी राणी चिडली आणि तिने राजाला काठीने मारलं, अशी नोंद खुद्द गोर्योच्या अधिकृत इतिहासात आहे. अधिक महिन्यात चांदीच्या ताटात अनारसे घेणारा आपला जावई आणि हा जावई यांच्यात एवढं अंतर आहे. ‘जामाता दशमो ग्रहः’ म्हणणाऱ्या समाजात मुलीकडची बाजू वाकते. मंगोल दरबारात मुलगी खानाची, त्यामुळे वाकायचं ते जावयाने.

तरीही ‘जावई’ हा शब्द सोडू नका, कारण चुंग्न्योलने तो स्वतः मागून घेतला होता. 1281 साली त्याने कुबलाईकडे विनंती केली की माझ्या किताबात ‘बुमा’ ही दोन अक्षरं घाला. ‘बुमा’चा मूळ चिनी अर्थ रथाच्या राखीव घोड्यांचा अधिकारी. ते पद बादशहाच्या जावयांना देण्याची रीत पडली आणि शब्दाचा अर्थच जावई झाला. किताब मिळाला. त्याच सुमारास मंगोल सेनापती जपानवरच्या दुसऱ्या स्वारीची मसलत करायला आले, तेव्हा राजा दक्षिणेकडे तोंड करून बसला आणि ते पूर्वेकडे. दक्षिणाभिमुख आसन हे राजाचं. त्याआधी खानाचा माणूस आला की दोघं पूर्व-पश्चिम समोरासमोर, बरोबरीने बसत. हे पाहून लोकांना फार आनंद झाला, असंही इतिहासकाराने लिहून ठेवलंय. मला या सगळ्या प्रकरणात हीच ओळ सर्वांत हलवून जाते.

मंगोल भाषेत जावयाला ‘गुरगेन’. तैमूरने चंगीझच्या वंशातली मुलगी केली आणि हाच शब्द बिरुदासारखा मिरवला. त्यावरून त्याचे वंशज स्वतःला ‘गुरकानी’ म्हणवू लागले. हे वंशज म्हणजे आपण ज्यांना मुघल म्हणतो ते. आणखी एक ओळखीचा शब्द सापडेल. गोर्योवर देखरेख करायला नेमलेला मंगोल अंमलदार म्हणजे ‘दारुगाची’. त्यातला ‘दारुगा’ फारसीवाटे आपल्याकडे ‘दारोगा’ होऊन आला, आणि ‘ची’ हा आपल्या ‘मशालची’, ‘तबलची’तल्या तुर्की ‘ची’चा सख्खा. 1278 मध्ये चुंग्न्योल बायकोसह कुबलाईला भेटला आणि हे अंमलदार व मंगोल फौज परत नेण्याचं आश्वासन घेऊन आला. सोयरिकीचा हा रोकडा फायदा.

म्हणून नुसतं ‘मांडलिक’ही अपुरं पडतं. खंडणी होती, जहाजं बांधून देणं होतं, मानखंडना तर होतीच: आधीच्या राजांच्या नावाअखेर बादशाही थाटाचं ‘जोंग’ असे, आता नुसता ‘वांग’ म्हणजे राजा, आणि पुढे मरणोत्तर नावाच्या सुरुवातीला ‘चुंग’, म्हणजे निष्ठा. ओळीने सहा राजे ‘चुंग’चे. युवराजाचा ‘तेजा’ उतरून ‘सेजा’ झाला. शब्दाशब्दाने पायरी खाली आणली. पण मांडलिकाला खानाच्या भाऊबंदांत जागा नसते, याला होती.

चुंग्न्योलच्या मुलासाठी, चुंगसॉनसाठी, मराठीत नेमका शब्द आहे: आजोळ. तो कुबलाईच्या मुलीचा मुलगा. बायको केली तीही मामेभावाची मुलगी. त्याचा जीव दादूत, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये. 1308 ते 1313 या काळात त्याने तिथूनच हुकूम धाडून राज्य चालवलं. गादी मुलाला दिल्यावर 1314 मध्ये तिथेच ‘दहा हजार ग्रंथांचं दालन’ उभारलं आणि गोर्यो व चीनच्या विद्वानांना एकत्र आणलं. दरबाराचं वारं फिरलं तसं 1320 मध्ये त्याला थेट तिबेटात हद्दपार केलं. 1323 मध्ये सुटला, 1325 मध्ये वारला, तोही दादूतच. ‘घरजावई’ला जवळ कोणी जात असेल तर हा, पण त्यालाही मी आजोळी राहिलेला नातूच म्हणेन.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘चुंग्न्योल हा कुबलाई खानाचा जावई आणि मांडलिक, गोर्योचा पहिला जावई-राजा.’