अमेरिकेत बॉक्सिंगची एक लढत घरी बसून बघायला ८०-८५ डॉलर का मोजावे लागतात? स्ट्रीमिंग आल्यावर स्वस्त व्हायला नको होतं का?

प्रश्नाच्या खुलाशात तुम्ही लिहिलंय की नुकतेच डॅलसला शिकायला आलात, भारतात रविवारी सकाळी पोहे खाता खाता मोठ्या लढती बघायचात आणि इथे पहिल्याच लढतीचा आकडा बघून लॅपटॉप मिटून टाकलात. मी न्यू जर्सीत वीसेक वर्षं आहे, पेशाने अकाउंटंट. बॉक्सिंगवर आजवर किती पैसे घातले याचा खरा आकडा बायकोला अजून सांगितलेला नाही. तेव्हा उत्तर द्यायला मी लायक आहे असं समजा.

सुरुवातीलाच तुम्हाला न पटणारी गोष्ट सांगतो. एका लढतीची किंमत म्हणाल तर ती फारशी वाढलेलीच नाही. टायसनने होलीफिल्डचा कान चावला ती लढत जून १९९७ ची. पे-पर-व्ह्यूची, म्हणजे त्या एका लढतीपुरते वेगळे पैसे भरून घरी बघायची, किंमत होती ४९.९५ डॉलर. महागाई धरली तर २०२४ मध्ये त्याचे ९८ डॉलरच्या आसपास होतात. २००७ मध्ये मेवेदर आणि दे ला होया लढले तेव्हा ५४.९५ डॉलर होते, त्याचे आजचे ८० च्या पुढे जातात. तुम्हाला दिसलेला आकडा त्याच पट्ट्यातला आहे. तरीही खिसा जास्त कापला जातोय असं सगळ्यांना वाटतं, आणि ते वाटणंही खोटं नाही. कसं, ते सांगतो.

२ मे २०१५. मेवेदर विरुद्ध पॅकियाओ. इथे न्यू जर्सीतच एडिसनला एका मित्राच्या टाउनहाउसचं तळघर. एचडीत बघायचे ९९.९५ डॉलर. आम्ही २० जण, प्रत्येकी ५ डॉलर काँट्री. पाच सेंट उरले, ते कोणाकडे आहेत यावरून आजही ग्रुपवर चेष्टा चालते. वरचा कर यजमानाने भरला, बटाटेवडे एकीने आणले, बिअर ज्याची त्याची. दोन सोफे, उरलेले सगळे गालिच्यावर मांडी घालून. बॉक्सिंग कशाशी खातात हे ठाऊक असलेले आमच्यात सहा-सात असतील, बाकीचे गप्पा मारायला आलेले. लढत सुरू व्हायची वेळ टळून गेली, कारण ऐन वेळी इतक्या लोकांनी ऑर्डर दिली की केबल आणि सॅटेलाइटवाल्यांच्या यंत्रणा तुंबल्या आणि आयोजकांना थांबावं लागलं. मुख्य लढतीची घंटा झाली तेव्हा आमच्याकडे मध्यरात्र होत आली होती आणि दोन पोरं गालिच्यावरच झोपली होती. लढत तशी रटाळ झाली. मेवेदर नेहमीसारखा निसटत राहिला, गुणांवर जिंकला. पण कोणी कुरकूर केली नाही. पाच डॉलरच तर गेले होते.

त्या लढतीला अमेरिकेत ४६ लाख ऑर्डरी आल्या आणि ४० कोटी डॉलरच्या वर गल्ला झाला. एका ऑर्डरमागे माणसं किती होती हे कुणी मोजत नाही, पण आमच्या तळघरात ती २० होती. खरी मेख इथेच आहे. ९९.९५ ही किंमत एका माणसासाठी लावलेलीच नव्हती, ती एका खोलीसाठी होती. पे-पर-व्ह्यूचा धंदा मुळातच त्यावर उभा आहे. त्याच्या आधी तर लोक थिएटरात जाऊन मोठ्या पडद्यावर थेट लढत बघत, १९७१ ची अली-फ्रेझर अशीच लाखोंनी पाहिली. पे-पर-व्ह्यूने थिएटरातली गर्दी दिवाणखान्यात आणली, एवढाच फरक. गावातल्या पहिल्या टीव्हीभोवती जसं आख्खं आवार जमायचं, तसंच.

आता दुसरं चित्र. सप्टेंबर २०२३, कनेलो अल्वारेझ विरुद्ध जर्मेल चार्लो, ८४.९९ डॉलर. तळघरवाला मित्र टेक्सासला गेलेला, दोघं-तिघं भारतात परतलेले, उरलेल्यांच्या पोरांच्या रविवारी सकाळी सॉकरच्या मॅचेस. मी स्वयंपाकघरात एकटा, ओट्यावर लॅपटॉप, कानात हेडफोन, कारण घरात सगळे झोपलेले. चार्लो दोन वजनगट ओलांडून वर आलेला, सातव्या फेरीत एकदा गुडघ्यावर आला आणि उरलेला वेळ मार चुकवत राहिला. माणशी ८५ डॉलर! २०१५ च्या हिशोबाने सतरा पट. किंमत ओरडून वाढली नाही हो, आजूबाजूची माणसं गुपचूप उठून गेली आणि बिल माझ्या एकट्यापुढे राहिलं.

स्ट्रीमिंगने हे जास्त वाढवलं. फोनवर, टॅबवर, ज्याचं त्याचं लॉगिन. एकत्र बघायची सवय मोडली, पण दर मात्र खोलीचाच राहिला.

आता तुमचा दुसरा प्रश्न, स्ट्रीमिंगने स्वस्त का नाही झालं. थोडा काळ झालं होतं. २०१८ च्या सप्टेंबरात डझोन ही खेळांची स्ट्रीमिंग सेवा अमेरिकेत आली ती महिना ९.९९ डॉलरने. पे-पर-व्ह्यूचा जमाना संपला, असा त्यांच्या जाहिरातीचा सूर होता. त्याच वर्षी ईएसपीएन चॅनेलची स्ट्रीमिंग सेवा, ईएसपीएन प्लस, आली, महिना ४.९९. आम्ही खूश. सहा महिन्यांत डझोन १९.९९ वर गेलं, २०२३ मध्ये २४.९९ वर. आणि २०२२ च्या मे महिन्यात कनेलो-बिव्होल लढत त्याच डझोनने पे-पर-व्ह्यूवर लावली. सदस्यांना ५९.९९, बाकीच्यांना ७९.९९. थोडक्यात, देवळात शिरायचं तिकीट घ्या आणि गाभाऱ्यात जायचं वेगळं. ज्यांनी पे-पर-व्ह्यू मोडीत काढायची भाषा केली त्यांनीच ते दुकान पुन्हा उघडलं.

असं का झालं हे समजून घ्यायला एचबीओ या वर्गणीवाल्या चॅनेलची गोष्ट माहीत हवी. १९७३ पासून २०१८ पर्यंत, ४५ वर्षं, एचबीओ बॉक्सिंग दाखवत होतं. महिन्याला पंधराएक डॉलरच्या वर्गणीत सिनेमे, मालिका आणि वर्षभर चांगल्या लढती मिळायच्या. पे-पर-व्ह्यू तेव्हाही होतं, पण ते सणासुदीसारखं, वर्षातून मोजक्या वेळा. चॅनेल प्रमोटरला, म्हणजे लढत भरवणाऱ्याला, ठरलेली रक्कम द्यायचं. लढत फसली तर नुकसान चॅनेलचं. २०१८ च्या शेवटी एचबीओने बॉक्सिंग सोडलं. २०२३ च्या शेवटी शोटाइम या तशाच दुसऱ्या चॅनेलने तर खेळांचा विभागच बंद केला. ठरलेली रक्कम देणारे गेले, पण बॉक्सरांच्या मागण्या होत्या तिथेच राहिल्या. मग ती जोखीम कुणीतरी उचलायला हवी, ती तुमच्या-माझ्या क्रेडिट कार्डावर आली. पूर्वी वर्गणीत मिळाली असती अशी मध्यम दर्जाची लढतही आता वेगळे पैसे मागायला लागली. माझा खरा राग यावर आहे. मोठ्या लढतीला ८५ मागा, देतो. कनेलो-चार्लोला मागू नका.

त्यात बॉक्सिंगला लीग नाही. एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) किंवा आयपीएलचे सगळे सामने एकगठ्ठा विकले जातात. इथे प्रत्येक लढत म्हणजे स्वतंत्र लग्न, दोन्हीकडचे मानपान वेगळे. प्रमोटर कंपन्यांचंच बघा: २०२५ पर्यंत टॉप रँकचे बॉक्सर ईएसपीएनकडे होते, मॅचरूम आणि गोल्डन बॉयचे डझोनकडे, पीबीसीचे आधी शोटाइमकडे आणि २०२४ पासून ॲमेझॉन प्राइमकडे. वर चार संघटनांचे विजेतेपदाचे चार वेगवेगळे पट्टे. मोठ्या बॉक्सरला वर्षाकाठी दोनच लढती, दरमहा पगार नाही, त्यामुळे तो ऑर्डरींमध्ये वाटा मागणार, आणि केबलच्या काळात त्या रकमेतला साधारण निम्मा केबलवालाच ठेवायचा. मेवेदर-पॅकियाओ लढत व्हायला पाच-सहा वर्षं लागली, त्यातही एचबीओ आणि शोटाइमला एकत्र प्रक्षेपण करावं लागलं. दोन भावांनी एका गणपतीला बसावं तसं.

माझा २०२३ चा हिशोब देतो, सवयच आहे. डझोन वर्षाचे २२५, ईएसपीएन प्लस १२० च्या आसपास, शोटाइम १३५ च्या आसपास. पे-पर-व्ह्यू तीन, तिन्ही ८४.९९ चे: जर्व्हाँटा डेव्हिस-रायन गार्सिया, स्पेन्स-क्रॉफर्ड आणि वर सांगितलेली कनेलो-चार्लो. एकूण ७३५ डॉलर. तिनांतली स्पेन्स-क्रॉफर्ड मात्र मी दुप्पट पैसे देऊनही बघितली असती. क्रॉफर्डने स्पेन्ससारख्या माणसाला तीन वेळा खाली पाडलं आणि नवव्या फेरीत रेफ्रीने थांबवलं. ओट्याजवळ उभा राहून मी टाळ्या वाजवल्या, मग वरून आवाज आला, "अहो, काय झालं?"

किंमत खर्चावर ठरते असा समज असेल तर हे बघा: मे २०२४ मध्ये रियाधला फ्युरी आणि उसिक लढले. तीच लढत, तेच कॅमेरे, तीच वेळ. ब्रिटनमध्ये २४.९५ पौंड, म्हणजे तेव्हाचे ३१-३२ डॉलर. अमेरिकेत ६९.९९. गिऱ्हाईक किती सोसेल तेवढी किंमत, दुसरं काही नाही. अमेरिकन माणूस सोसत होता. पण हल्ली तोही थकलाय. शिवाय एकेकाळी फुकट किंवा केबलवर बॉक्सिंग बघून नवा प्रेक्षक तयार व्हायचा, तो आता होत नाही. ज्याने बॉक्सरला कधी पाहिलंच नाही तो त्याच्यासाठी ८५ डॉलर का देईल? प्रेक्षक कमी म्हणून दर जास्त, दर जास्त म्हणून प्रेक्षक कमी. बीएसएनएलच्या लँडलाइनचं झालं तसंच काहीसं.

आता वारं फिरतंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये सौदीच्या पैशावर झालेली बेटरबिएव्ह-बिव्होल दुसरी लढत अमेरिकेत सुमारे २६ डॉलरला दिली, आणि तिचं अंडरकार्ड, म्हणजे मुख्य लढतीआधीच्या लढती, तेही भरगच्च होतं. मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणाऱ्या यूएफसीने पॅरामाउंट या मीडिया कंपनीशी ७७० कोटी डॉलरचा सात वर्षांचा करार केला, त्यात २०२६ पासून अमेरिकेत त्यांचं पे-पर-व्ह्यूच बंद. नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२४ मध्ये टायसन विरुद्ध यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेला जेक पॉल ही लढत दाखवली, वेगळा एक पैसा न घेता. प्रक्षेपण अडखळलं हे जगजाहीर आहे, आणि ५८ वर्षांच्या टायसनला तिथे उभं करणं हा खेळाचा अपमान होता असं माझं मत आहे. पण साताऱ्यातल्या माझ्या मावसभावाने ती शनिवारी सकाळी १४९ रुपयांच्या मोबाइल प्लॅनवर बघितली, आणि त्याच कार्यक्रमातल्या दुसऱ्या एका लढतीत हरियाणाचा नीरज गोयत जिंकला ते बघून मला फोन केला. तो एरवी फक्त कुस्ती बघतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विद्यार्थी आहात म्हणून सांगतो. कुठलीही लढत आठवडाभर आधी विकत घेऊ नका, दुखापतीने लढती रद्द होतात आणि परताव्यासाठी हेलपाटे मारावे लागतात. डॅलसमध्ये मेक्सिकन वस्तीतले स्पोर्ट्स बार शोधा. त्यांनी व्यावसायिक परवान्याचे पैसे भरलेले असतात, तुम्हाला दाराशी काही डॉलर आणि टॅकोचे पैसे. कनेलोची लढत तिथे बघण्यासारखी मजा घरात नाही. चोरीच्या लिंकांवर माझा एकच अनुभव: दहाव्या फेरीत पडदा काळा झाला आणि लॅपटॉपमध्ये काय काय शिरलं ते काढायला ९० डॉलर गेले. वर्षाचं सदस्यत्व घेण्याआधी त्या सेवेवर तुमच्या आवडीचे बॉक्सर खरंच किती आहेत ते मोजा. आणि रूममेट असतील तर काँट्री काढा, बॉक्सिंग न कळणारेही चालतील.

१३ सप्टेंबर २०२५ ला कनेलो-क्रॉफर्ड नेटफ्लिक्सवर होती. दहा वर्षांपूर्वी हीच लढत शंभर डॉलरला विकली गेली असती. मी जुन्या ग्रुपवर लिहिलं: "आमच्याकडे या. पैसे नाहीत, वडे आहेत." बायको म्हणाली पितृपक्षात कसली पार्टी, तरी बटाटे उकडले. नऊ वाजता एकाचा मेसेज, "अरे घरीच आहे की नेटफ्लिक्स." मग दुसऱ्याचा. तिसऱ्याने नुसता अंगठा दाखवला. लढत फर्मास झाली, क्रॉफर्ड गुणांवर जिंकला, आणि शेवटच्या फेरीपर्यंत जागी राहिली ती माझी बारा वर्षांची मुलगी, तिला बॉक्सिंगमधलं काही कळत नाही. दर फेरीनंतर विचारत होती, "आता कोण पुढे आहे, बाबा?" वडे दुसऱ्या दिवशी ऑफिसात नेले.